कविता सुचण्याआधी काय घडलेलं असतं?

कवीची मुलाखत असली की एक प्रश्न हमखास येतो: तुम्हाला कविता सुचते कशी? विचारणाऱ्याला उत्तरात पाऊस, चांदणं, निदान एखादं फसलेलं प्रेम हवं असतं. कवीलाही समोरच्याचा हिरमोड करवत नाही, म्हणून तो त्यातलं काहीतरी देऊन टाकतो. अशी उत्तरं ऐकून ऐकून आपली समजूत पक्की झाली आहे की प्रेरणा वरून येते, अचानक येते आणि ज्याला ती येते त्याला लेखणी हातात धरण्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही.

या समजुतीच्या बाजूने सर्वांत गाजलेली साक्ष इंग्रज कवी सॅम्युएल टेलर कोलरिजची. ‘कुब्ला खान’ ही कविता त्याने १८१६ साली छापली आणि सोबत तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. १७९७ मध्ये तब्येत बरी नव्हती म्हणून घेतलेल्या औषधाच्या गुंगीत (हे औषध म्हणजे अफू) त्याला खुर्चीतच झोप लागली. झोपेत दोन-तीनशे ओळी आपोआप रचल्या गेल्या. जागा झाल्यावर तो त्या भराभर उतरवू लागला, तेवढ्यात पोर्लॉक गावचा कुणी माणूस कामासाठी आला आणि तासाभराहून जास्त वेळ घेऊन गेला. परत येऊन बसेपर्यंत उरलेली कविता विरून गेली होती. कविता अर्धीच राहिली त्याचं खापर त्या बिचाऱ्या पाहुण्यावर फुटलं आणि गेली दोनशे वर्षं फुटतं आहे.

गोष्ट झकास आहे. पण त्याच प्रस्तावनेत कोलरिज हेही सांगतो की डोळा लागला तेव्हा तो एका जुन्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात कुब्ला खानाच्या महालाबद्दलच वाचत होता. १९२७ साली जॉन लिव्हिंगस्टन लोज या अमेरिकी अभ्यासकाने कोलरिजच्या वह्या आणि त्याने वाचलेली पुस्तकं शेजारी ठेवून शोध घेतला. कवितेतली नदी, गुहा, उसळणारा झरा यांच्या खुणा नाईलच्या उगमाच्या, फ्लोरिडाच्या जंगलांच्या प्रवासवर्णनांत सापडत गेल्या. कविता झोपेत आली असेलही. झोपेपूर्वी डोक्यात काय काय साठलं होतं, हे मात्र त्या गोष्टीत एका वाक्यात उरकलेलं आहे.

मला वाटतं खरा विषय तिथेच आहे. सुचण्याचा क्षण खोटा नसतो, पण तो शेवटचा टप्पा असतो. त्याच्या आधीचे टप्पे रटाळ असतात, त्यामुळे ते मुलाखतीत येत नाहीत.

एका कवीने ते सगळे टप्पे क्रमाने सांगून ठेवले आहेत, तेही साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी, आणि आपल्याच भाषेत. तुकोबांचा ‘याती शूद्र वैश्य’ हा आत्मचरित्रपर अभंग पुष्कळांनी ऐकलेला असतो, पण कवितेच्या जन्माची हकिकत म्हणून तो क्वचित वाचला जातो. आईवडील गेले. १६३०च्या आसपासच्या भीषण दुष्काळात पैसा गेला, पत गेली, एक बायको अन्न अन्न करत मेली: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान’. धंद्यात खोट आली. मग देवाचं पडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि इथे तुकोबा कसलाही आव न आणता सांगतात की आधी चित्त अभ्यासात नव्हतं. त्यापुढची ओळ सगळ्यांत महत्त्वाची:

कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें ।
विश्वासें आदरें करोनियां ॥

नवशिक्या तुकारामाने आधीच्या संतांची वचनं तोंडपाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं, म्हणजे आजच्या शब्दांत कोरसमध्ये गायलं. हे सगळं झाल्यावर, आणखी बऱ्याच ओळींनंतर, कवितेची स्फूर्ती झाल्याचं ते सांगतात.

हे पाठांतर किती खोल गेलं होतं ते वरच्याच ओळींत मोजून पाहता येतं. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं. ‘कांहीं पाठ केलीं’ सहा, ‘संतांचीं उत्तरें’ सहा, ‘विश्वासें आदरें’ सहा, ‘करोनियां’ चार. हजारो अभंग या मापात रचणारा माणूस दर वेळी बोटं मोजत बसला नसणार. नामदेव, ज्ञानदेव, एकनाथ वर्षानुवर्षं म्हणून म्हणून ते माप जिभेवर बसलेलं होतं. मनात काही आलं की त्याच मापात येऊ लागलं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते आपोआप आल्यासारखं दिसलं.

चमत्काराचा भागही आहेच. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करण्याचं काम सांगून गेले, असं तुकोबा दुसऱ्या अभंगात म्हणतात. पण त्या स्वप्नातला मजकूर पाहा. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा व्हायचा होता, उरलेले तुक्याने लिहावेत. तुकोबांच्या तीनेकशे वर्षं आधीच्या कवीने आपलं अर्धवट राहिलेलं काम सोपवलं, असं हे स्वप्न आहे. ज्याचे अभंग दिवसभर तोंडात होते तोच रात्री स्वप्नात आला, यात मानसशास्त्रज्ञाला नवल वाटणार नाही. वारकऱ्याला त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायचं असेल तर त्यालाही जागा आहे. दोघांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल: प्रेरणा इथे परंपरेच्या वाटेने आलेली आहे.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राला हे ठाऊक होतं. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी मोजतो: जन्मजात शक्ती; जग, शास्त्रं आणि आधीची काव्यं पाहून आलेली जाण; आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला सराव. त्यावर तो मुद्दाम बजावतो की ही तीन कारणं नव्हेत, तिन्ही मिळून कारण एकच. नुसत्या प्रतिभेवर चालेल, नुसत्या वाचनावर भागेल, असा पर्याय तो ठेवतच नाही.

त्याच्या आधी, इसवी सन ९०० च्या आसपास, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचं वेळापत्रकच आखून दिलं. हा कनौजच्या दरबारातला कवी, पण त्याच्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत, तेव्हा थोडा आपलाही. सकाळचा पहिला प्रहर अभ्यासाला, दुसरा रचनेला, दुपारी जेवणानंतर रसिक मित्रांशी काव्यचर्चा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेलं तपासायचं. तपासायचं का, तर रसाच्या आवेशात लिहिताना बरंवाईट निवडणारी नजर राहत नाही म्हणून. सकाळी भारावून लिहिणारा आणि संध्याकाळी काटछाट करणारा, अशी दोन माणसं एकाच कवीत लागतात हे त्याने अकराशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आणि हाच राजशेखर डोळे मिचकावून सांगतो की चोर नसलेला कवी नाही, चोर नसलेला व्यापारीही नाही. लपवता येतं तो मजेत राहतो. दुसऱ्याच्या कवितेतून काय उचललं तर चालतं आणि कसं उचललं तर चालत नाही, याची त्याने सविस्तर वर्गवारी केली आहे. आज कुणी अशी वर्गवारी केली तर समाजमाध्यमांवर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

उचलण्यावरून एक उदाहरण. १५ एप्रिल १८०२ रोजी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी उत्तर इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तळ्याच्या काठाने चालत होते. वारा जोराचा होता. काठावर डॅफोडिलची पिवळी फुलं दिसली, आधी थोडी, मग पट्टाच्या पट्टा. डोरोथीने ते रोजनिशीत लिहून ठेवलं: काही फुलं थकल्यासारखी दगडांवर उशीसारखं डोकं टेकून होती, बाकीची डुलत, झोकांड्या खात, नाचत होती, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जणू हसत होती. विल्यमने तेव्हा काहीच लिहिलं नाही. कविता झाली १८०४ मध्ये, छापली गेली १८०७ मध्ये. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्याकडच्या कित्येकांनी ही फुलं न पाहताच ती पाठ केलेली असते.

त्या कवितेत कवी ढगासारखा एकटा भटकत असतो. प्रत्यक्षात तो एकटा नव्हता. फुलांचं नाचणं आणि हसणं बहिणीच्या वहीत आधीच होतं. शेवटच्या कडव्यातल्या मनाच्या डोळ्याविषयीच्या दोन ओळी, ज्यांना तो स्वतः कवितेतल्या सर्वोत्तम ओळी मानत असे, त्या त्याच्या बायकोने, मेरीने सुचवल्या. १८१५ साली त्याने एक अख्खं कडवं नव्याने घातलं. एक फेरफटका, बहिणीची रोजनिशी, दोन वर्षांचा अवकाश, बायकोच्या दोन ओळी आणि अकरा वर्षांनी केलेली दुरुस्ती: ‘प्रेरणे’चा हिशेब मांडायचा तर एवढा सगळा मांडावा लागतो. बहिणीचं नाव कवितेत कुठेच नाही, हे मला आजही खटकतं.

मधली दोन वर्षं वाया गेलेली नसतात. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस याने १९२६ साली नव्या कल्पनेच्या प्रवासाचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, एकदम उमगणं आणि तपासणी. दुसऱ्या टप्प्यात माणूस त्या विषयावर काम करत नाही, भाजी आणतो, लोकल पकडतो, झोपतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जुळवाजुळव चालू राहते. चार टप्पे प्रत्येक वेळी असे शिस्तीत येतात असं नाही, वॉलसलाही तसं म्हणायचं नव्हतं. पण ‘अडलं तर उठून फिरून ये’ हा जुना सल्ला त्याने समजण्याजोगा केला. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं की बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्या माणसाला एखाद्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग जास्त सुचतात. वस्तूचे उपयोग सुचणं म्हणजे कविता नव्हे, तेव्हा हा निष्कर्ष फार ताणू नये.

निबंध लिहिणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी. त्याला मोठा विषय लागत नाही, उलट मोठ्या विषयाने निबंध दबतो. त्याला लागतं काहीतरी टोचणारं. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखाचं मूळ किती लहान आहे पाहा. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते: महर्षी कर्व्यांची सून, दिनकर कर्व्यांची पत्नी, अशी थोर नावं. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटत राहतं. घरी जाताना रस्त्यात एक पोरगा दुसऱ्याला सांगतो की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. ओळख तिथे पुरी होते. मुलाच्या तोंडचं एक वाक्य कानावर पडलं, एवढीच सामग्री. पण ते वाक्य ऐकणारी बाई मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. नातेसंबंध, कुळं, घराणी यांत आयुष्य घालवलेली. तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या कानावर पडलं असतं तर रस्त्यातच राहिलं असतं.

त्याच इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या आणि त्यातून ‘वाटचाल’ हा लेख आला. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणाऱ्या बायका जेवताना मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांना रोज बोचत राहिलं. भक्तीने भारावणं आणि ही बोच, दोन्ही एका लेखात आहेत आणि दोन्हींनी एकमेकींना खाऊन टाकलेलं नाही. नुसतं भारावलेपण असतं तर ते वारीचं वर्णन झालं असतं, नुसती बोच असती तर अग्रलेख.

निबंधाचा आदिपुरुष मानला जाणारा फ्रेंच लेखक मिशेल द मोंतेन्य १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून आपल्या वाड्याच्या बुरुजात पुस्तकं घेऊन बसला. मन शांत होईल अशी त्याची अपेक्षा होती. झालं उलटंच. रिकामं मन दावं तोडलेल्या घोड्यासारखं उधळलं आणि भलभलत्या कल्पना प्रसवू लागलं, असं तो सांगतो. त्या निदान लिहून ठेवाव्यात, पुढे मनाला आपलीच लाज वाटेल, म्हणून त्याने लिहायला घेतलं. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ म्हणणाऱ्या बहिणाबाईंना हा माणूस लगेच कळला असता. फक्त त्या ढोराला हाकत होत्या आणि हा त्याच्या मागे वही घेऊन धावत होता. मोंतेन्यच्या खोलीच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचनं रंगवलेली होती, लेखांत प्लूटार्क आणि सेनेका जागोजाग, आणि १५८० मध्ये छापलेल्या पुस्तकाच्या समासात तो १५९२ मध्ये मरेपर्यंत भर घालत राहिला. त्याचा बहुतेक ऐवज असा दुसऱ्यांच्या वाक्यांशी घातलेल्या हुज्जतीतून आलेला आहे.

आणि पोटापाण्याची प्रेरणा विसरून चालणार नाही. चार्ल्स लॅम्ब लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तेहेतीस वर्षं हिशेब लिहीत होता. त्याचे निबंध मासिकाच्या पानांसाठी लिहिले गेले आणि त्यांतले कितीतरी जुन्या कचेऱ्या, विक्षिप्त कारकून आणि शेवटी मिळालेली पेन्शन यांवरच आहेत. आपल्याकडे ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी लेखकाच्या प्रेरणेचा मोठा वाटा संपादकांच्या तगाद्याने उचललेला आहे. ऐन पावसाळ्यात फोन येतो, लेखक हो म्हणतो, गणपतीपर्यंत विसरतो आणि मग सुचतं. यात हसण्यासारखं काही नाही. मुदत म्हणजे मुरणं थांबवून कागदावर आणण्याची सक्ती, आणि ती सक्ती नसती तर पुष्कळ चांगले लेख डोक्यातच राहिले असते.

ठिकाणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच पुष्कळ रोमँटिक लिहिलं गेलं आहे. डोंगर आणि समुद्र यांची मक्तेदारी नसते. नारायण सुर्व्यांचं विद्यापीठ म्हणजे गिरणगाव आणि तिथला रस्ता. नामदेव ढसाळांनी १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आणला तेव्हा मुंबईच्या एका वस्तीची भाषा प्रथमच त्या जोराने कवितेत घुसली. त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच ते जमणार होतं. अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षं ठरावीक दिवशी बसत आणि समोरचा चौक बघत. झाडूवाली, भटकी कुत्री, पदपथावरची न्याहारी हे सगळं २००४ च्या त्यांच्या इंग्रजी संग्रहात आलं. तोच चौक रोज हजारो लोक ओलांडत होते. कोलटकर एवढंच वेगळं करत होते की ते तिथे पुन्हा पुन्हा जाऊन बसत होते.

आता बहिणाबाई. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्म, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य, शेती आणि घर, अक्षरओळख नाही. गाणं कुठून येतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे:

अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी

घरोटा म्हणजे जातं. प्रत्येक ओळीच्या दोन्ही भागांत आठ-आठ अक्षरं, आणि म्हणून पाहिलं तर खुंटा ओढण्याची आणि परत आणण्याची लय कानाला कळते. तुकोबांना जे ध्रुपद धरून मिळालं ते बहिणाबाईंना दळणातून मिळालं. पहाटे दोन-तीन तास दंड एकाच तालात फिरत असतात, डोकं मोकळं असतं, ऐकणारं बहुधा कुणी नसतं; सासर, माहेर, मेलेलं माणूस, पिकात घुसलेलं ढोर, सगळं त्या तालावर चढतं. वर त्या ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली’ असंही म्हणतात. सरस्वती आणि घरोटा ही दोन्ही उत्तरं त्यांना एकदमच खरी वाटत होती.

मात्र जात्यावर एकट्या बहिणाबाई बसत नव्हत्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायका दळत आणि ओव्या रचत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून १९८०च्या दशकापासून या ओव्या गोळा करायला घेतल्या, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. म्हणजे प्रेरणेचा तुटवडा कधीच नव्हता. त्यांतली प्रत्येक ओवी बहिणाबाईंच्या तोडीची नाही, आणि ती का नाही हे जातं सांगू शकत नाही. मम्मटाने पहिल्या क्रमांकावर ठेवलेली शक्ती तिथे आड येते आणि तिच्याबद्दल कुणालाच फारसं सांगता आलेलं नाही. पण दुसरा फरक सांगता येतो. बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याने आणि नात्यातल्या पीतांबर चौधरींनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बाकीच्या ओव्या गावात पिठाची गिरणी आल्यावर हळूहळू बंद पडत गेल्या, कारण हात थांबले की ओवीला चढायला ताल उरला नाही. ज्या ध्वनिमुद्रित झाल्या त्या ‘परी’ या ऑनलाइन संग्रहात आता ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह.